कारागृहातून सुटून आलेल्या माणसाच्या सोबतीला: पुण्यातील नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

पुण्यात या कामाला नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांचा पहिला संबंध येरवड्याशी येतो. १८७१ साली उभारलेले मध्यवर्ती कारागृह, महिला कारागृह आणि खुले कारागृह ही तिन्ही ठिकाणे तिथे जवळजवळ आहेत. या दारांतून बाहेर पडणारी सगळीच माणसे पुण्याची नसतात. कुणी मराठवाड्यातून बांधकामाच्या साइटवर आलेला असतो, कुणी बिहारमधून चाकणच्या कारखान्यात आलेला असतो, तर कुणाचे घर कारागृहाच्या भिंतीपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर लक्ष्मीनगरमध्ये असते. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच आराखडा घेऊन या कामात उतरता येत नाही.

हा लेख समाजकार्याचे विद्यार्थी, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नवे विधी स्वयंसेवक, संस्थांमध्ये नुकतेच रुजू झालेले कार्यकर्ते आणि ज्यांच्या नात्यातले किंवा वस्तीतले कुणी सुटून येणार आहे अशा सर्वांसाठी आहे. त्यातील पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. सुटून आलेल्या माणसाला चांगले वागण्याचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याला खरी गरज असते ती झोपायला जागेची, चालतील अशा कागदपत्रांची आणि सांगितलेल्या वेळी न चुकता भेटणाऱ्या एका माणसाची. या तीन गोष्टी नसताना केलेला उपदेश, तो कितीही मनापासून केलेला असला तरी, वाया जातो असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: सुटका कोणत्या प्रकारची आहे ते समजून घ्या

सुटलेला प्रत्येक माणूस शिक्षा भोगून आलेला असतो असा समज समाजात आहे आणि नवा कार्यकर्ताही तोच समज घेऊन येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत असलेल्या बंद्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक न्यायाधीन होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. बोलीत त्यांना कच्चे कैदी म्हणतात. त्यामुळे आपल्याकडे येणाऱ्यांत जामिनावर सुटलेले अधिक असणार, हे आधीच लक्षात ठेवावे.

जामिनावर सुटलेल्या माणसाचा खटला चालू असतो, त्याच्या डोक्यावर तारखा असतात आणि जामिनाच्या अटी असतात. निर्दोष सुटलेल्याच्या मागे खटला उरत नाही, पण गेलेली वर्षे आणि वस्तीत झालेली बदनामी उरते. शिक्षा पूर्ण करून आलेल्याला आपण मुक्तबंदी म्हणतो, आणि शासनाच्या काही योजना फक्त त्याच्यासाठीच असतात. फर्लोवर, म्हणजे संचित रजेवर, किंवा पॅरोलवर, म्हणजे अभिवचन रजेवर आलेला माणूस तर अजून बंदीच असतो. त्याला ठरलेल्या दिवशी परत हजर व्हावे लागते. उशीर झाला तर शिक्षेत मिळालेली सूट, म्हणजे माफी, कापली जाते आणि नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो. रजेवर आलेल्याला नोकरी शोधून देण्याची घाई करू नये. त्या दिवसांत घरच्यांशी बोलणे, कागद शोधून ठेवणे आणि परतीची तारीख पाळणे एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

परिवीक्षेवर सोडलेला माणूस हा आणखी वेगळा प्रकार आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर ज्याला सोडले जाते, त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता कलम १२ प्रमाणे लागू होत नाही. ही गोष्ट खुद्द त्या माणसाला अनेकदा ठाऊक नसते. न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी, तो आदेश कोणत्या कलमाखाली आहे ते वकिलाला विचारावे आणि उत्तर वहीत लिहून ठेवावे. पुढे नोकरीचा अर्ज भरताना त्या एका ओळीचा उपयोग होतो.

दुसरी पायरी: सुटकेच्या आधीची तयारी

सुटकेची तारीख कळलेली असेल तर काम त्याआधी महिनाभर सुरू करावे. कारागृहात आपल्या मनाने जाता येत नाही. संस्थेमार्फत रीतसर परवानगी घ्यावी लागते किंवा प्राधिकरणाच्या विधी सहाय्य केंद्रातून जावे लागते. पहिल्या भेटीत गुन्ह्याबद्दल विचारू नये. “कोणत्या केसमध्ये होतात?” या प्रश्नाचे उत्तर तो माणूस आयुष्यभर देतच आलेला असतो. त्यापेक्षा “सुटल्यावर कुठे उतरायचा विचार आहे, दादा?” असे विचारले की बोलणे पुढे सरकते. वयाने मोठ्या माणसाला काका म्हणावे, बाईंना ताई किंवा मावशी म्हणावे, आणि अहो-जाहो सोडू नये. वर्षानुवर्षे ज्याला क्रमांकाने आणि अरे-तुरेने हाक मारली गेली, त्याला हा फरक लगेच जाणवतो.

या भेटीत काही गोष्टींची माहिती घेऊन ठेवावी. कारागृहात केलेल्या कामाचा मेहनताना खात्यात किती शिल्लक आहे, अटकेच्या वेळी अंगावरच्या वस्तू कुठे जमा झाल्या, शिक्षेबरोबर सुनावलेला दंड भरला आहे का, आणि दुसऱ्या एखाद्या पोलीस ठाण्याचा गुन्हा किंवा वॉरंट बाकी आहे का, हे चार प्रश्न विचारायचे राहू नयेत. यातला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे. एका प्रकरणात सुटून दारातच दुसऱ्या प्रकरणात ताब्यात घेतले गेल्यावर माणूस जितका खचतो, तितका शिक्षेनेही खचत नाही. प्रत्येक खटल्याला अक्षरे आणि अंक मिळून सोळा स्थानांचा सीएनआर क्रमांक असतो, तो मिळाला तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख पाहता येते.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ पासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू केली. तिच्यातून बंद्यांना कुटुंबाच्या गरजांसाठी पन्नास हजार रुपयांपर्यंत सात टक्के व्याजाने कर्ज मिळण्याची सोय झाली आणि परतफेड मेहनतान्यातून होते. एखाद्याने असे कर्ज घेतले असेल तर सुटताना किती बाकी राहते हे आधीच पाहून ठेवावे.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्यामुळे आत राहिलेले लोक हा आपल्या कामाचा फार मोठा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात असे सांगितले आहे की जामिनाचा आदेश होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात बंधपत्र देता आले नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, ज्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही असा न्यायाधीन बंदी त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे चालू असलेल्यांना मात्र हे लागू होत नाही. अशी व्यक्ती दिसली तर नाव, खटल्याचा क्रमांक आणि आत गेल्याची तारीख लिहून शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यावी. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क तिच्या उत्पन्नावर अवलंबून नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

स्वतः जामीनदार राहण्याची विनंती नव्या कार्यकर्त्याला हमखास केली जाते. ती नम्रपणे नाकारावी. माणूस तारखेला आला नाही तर रक्कम जामीनदाराकडून वसूल होते, आणि तसे झाले की आपले त्याच्याशी असलेले नाते सावकार आणि कुळाचे होऊन बसते. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या बंधपत्रावर, सुटका मागणे किंवा अट कमी करून घेण्याचा अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे.

तिसरी पायरी: पहिला दिवस

जामिनावर सुटणारे लोक अनेकदा संध्याकाळी बाहेर येतात, कारण न्यायालयाचा आदेश कारागृहापर्यंत पोहोचायला दुपार उलटते. गावाकडे जाणाऱ्याची शेवटची एसटी चुकते आणि पहिलीच रात्र स्वारगेट किंवा शिवाजीनगरच्या फलाटावर काढावी लागते. म्हणून न्यायला कोण येणार, रात्री कुठे थांबणार आणि गावची गाडी किती वाजता आहे, हे आधी ठरलेले असावे.

दहा-बारा वर्षांनी बाहेर आलेल्या माणसाला शहर ओळखू येत नाही. येरवड्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोचे स्थानक सुरू झाले आहे. २०१६ पूर्वी आत गेलेल्या माणसाच्या जमा पाकिटात जुनी पाचशेची नोट निघू शकते, आणि दोन हजारांची नोट तर त्याने आयुष्यात पाहिलेलीच नसते. चहाच्या टपरीवर सगळे भिंतीवरच्या चौकटीसमोर फोन धरून पैसे देत असतात आणि हा हातात शंभराची नोट घेऊन, सुटे मिळतील की नाही या विचाराने, मागे उभा राहतो. अशा वेळी आपण पुढे होऊन पैसे देऊन टाकण्यापेक्षा त्याच्या शेजारी उभे राहून त्यालाच देऊ द्यावेत. सुटे घेऊन तो वळतो तेव्हा चेहऱ्यावरचा ताण थोडा कमी झालेला दिसतो.

आतल्या दिनक्रमाची सवय लगेच सुटत नाही. कारागृहात संध्याकाळचे जेवण लवकर होते आणि दिवस मावळण्याच्या सुमारास बराकी बंद होतात, त्यामुळे बाहेर आल्यावरही त्या वेळेला भूक लागते आणि उघड्या दाराने बेचैनी येते. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, म्हणून काळोखात झोप लागत नाही. काही जण बंद दारासमोर, कुणीतरी उघडेल या सवयीने, नुसते उभे राहतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवले तर ते त्याला विक्षिप्त ठरवत नाहीत.

पुण्यात गेल्या काही वर्षांत एक घातक प्रथा पडली आहे. सुटलेल्या तरुणाला त्याची जुनी मंडळी गाड्यांच्या ताफ्याने, फटाके वाजवत, घोषणा देत घेऊन जातात आणि त्याचे चित्रीकरण पसरवतात. अशा मिरवणुकांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केले आहेत, आणि सुटकेच्या दिवशीच नव्या गुन्ह्यात नाव येण्याचा धोका यात असतो. तरुण मुलांच्या बाबतीत आई-वडिलांशी आधी बोलून शांतपणे घरी नेण्याची व्यवस्था करावी.

चौथी पायरी: कागदपत्रे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि नवे कार्यकर्ते तिलाच कंटाळतात. पण पुढचे सगळे तिच्यावर उभे असते.

सुरुवात सुटकेच्या दाखल्यापासून करावी. त्याच्या तीन-चार प्रती काढून मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगावा. त्यानंतर आधार. बहुतेकांचा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडून कंपनीने दुसऱ्याच कुणाला दिलेला असतो, त्यामुळे जुन्या क्रमांकावरून काहीही होत नाही. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देऊन नवा क्रमांक जोडून घ्यावा. बांधकामात किंवा यंत्रावर काम केलेल्यांचे ठसे पुसट झालेले असतात. तसे झाल्यास डोळ्यांच्या नोंदीवरून ओळख पटवायला सांगावे आणि केंद्रावरून तसेच परत येऊ नये. पत्त्याचा पुरावा नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने त्याच्या पत्त्यावर आधारमधील पत्ता बदलता येतो, ही सोय भावाकडे किंवा वडिलांकडे राहायला गेलेल्यांच्या फार उपयोगी पडते.

पाकीट, मोबाइल, कधी मूळ कागदपत्रेही अटकेच्या वेळी मुद्देमाल म्हणून जमा झालेली असतात. ती पोलीस ठाण्यात जाऊन मागितल्याने मिळत नाहीत. त्यासाठी वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करून आदेश घ्यावा लागतो.

बँकेचे खाते दोन वर्षे व्यवहार न झाल्यास निष्क्रिय होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते पुन्हा सुरू करण्यासाठी शुल्क घेता येत नाही, केवायसीची, म्हणजे ओळख आणि पत्त्याची, कागदपत्रे मात्र नव्याने द्यावी लागतात. शिधापत्रिकेतून नाव कमी झाले असेल तर पुणे शहरात संबंधित परिमंडळ कार्यालयात अर्ज करावा. मतदानाविषयी मोठा गैरसमज आहे. कारागृहात असेपर्यंत मत देता येत नाही, पण सुटल्यावर तो अधिकार परत मिळतो. यादीत नाव नसेल तर नमुना क्रमांक ६ भरावा. मतदार ओळखपत्र हाती आल्यावर काही माणसे ते पुन्हा पुन्हा काढून पाहतात. नागरिक म्हणून नोंद झाल्याचा तो कागद असतो, आणि म्हणून मी हे काम मागे ठेवू देत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. अर्ज आपण भरू नये. लिहिता-वाचता येत असेल तर त्याने भरावा, आपण शेजारी बसावे. रांगेत त्याने उभे राहावे, खिडकीवर त्याने बोलावे, आणि अडले तरच आपण तोंड उघडावे. वेळ दुप्पट लागतो, पण पुढच्या कार्यालयात तो एकटा जाऊ शकतो.

पाचवी पायरी: निवारा आणि घर

घर आहे म्हणजे घरी जाता येते असे नाही. नवरा आत असताना ज्या बाईने धुणीभांडी करून मुले वाढवली, भाडे भरले, लोकांचे बोलणे ऐकले, तिच्या घरात तो परत येतो तेव्हा कर्ता कोण हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो. म्हणून सुटकेआधी तिला एकटीला भेटावे, तिचे म्हणणे ऐकावे, आणि ती नको म्हणाली तर तिची समजूत घालत बसू नये. आपण सुटलेल्या माणसासाठी काम करतो याचा अर्थ त्याच्या कुटुंबावर त्याला लादणे असा होत नाही. मुलांना बाप कुठे होता हे सांगितलेले आहे का, हेही विचारून घ्यावे.

फिर्यादी किंवा पीडित कुटुंब त्याच वस्तीत राहत असेल तर काळजी दुप्पट घ्यावी. त्यांच्याकडे आपण जाऊ नये, निरोप नेऊ नये, समेटाची बोलणी करू नये. त्यांच्याही आयुष्यात त्या घटनेने खोल जखम केलेली असते, आणि अनेकदा जामिनाच्या अटीतच संपर्कास मनाई असते. अशा वेळी काही काळ दुसऱ्या भागात राहणे सर्वांच्याच हिताचे ठरते.

तडीपारीचा आदेश आहे का, हे अवश्य पाहावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते, आणि आदेश असताना शहरात सापडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही २०१८ पासून वेगवेगळी पोलीस आयुक्तालये आहेत, त्यामुळे आदेशात कोणत्या हद्दी लिहिल्या आहेत ते शब्दशः वाचावे. आदेशाविरुद्ध शासनाकडे तीस दिवसांत अपील करता येते.

घर नसलेल्यांना महापालिकेच्या निवारा केंद्रात तात्पुरती सोय होऊ शकते. नंतर कॉट बेसिसवरची, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन इतरांसोबत राहायची, खोली हा पुण्यातला सर्वांत शक्य पर्याय असतो. घरमालक भाडेकरूची माहिती पोलिसांना देतात, म्हणून मालकापासून काही लपवून आत शिरण्यापेक्षा, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, खरे सांगून मिळालेली जागा टिकते.

स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे. पुरुष सुटला की निदान आई तरी वाट पाहत असते. बाई सुटली की सासर आणि माहेर दोन्ही दारे बंद झालेली आढळतात. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईसोबत कारागृहात राहू शकते, त्याहून मोठी मुले नातेवाइकांकडे किंवा बालगृहात असतात, आणि सुटलेल्या आईची पहिली धाव तिथे असते. मूल बालगृहात असेल तर ताबा बालकल्याण समितीच्या आदेशानेच मिळतो, तेव्हा राहण्याची जागा आणि उत्पन्न दाखवता येईल अशी तयारी करूनच अर्ज करावा. राहण्यासाठी शक्ती सदनाची, म्हणजे निराधार स्त्रियांसाठीच्या शासनाच्या निवासाची, चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करावी. आई किंवा वडील अजून आत असलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मासिक मदत मिळू शकते, आणि तिची माहितीही याच कार्यालयात मिळते.

सहावी पायरी: काम

पहिले काम रोजच्या किंवा आठवड्याच्या पगाराचे पाहावे. महिन्याने येणाऱ्या पगारापर्यंत थांबण्याची ऐपत नसते. ठेकेदाराकडून मोठी उचल घेऊ देऊ नये, कारण ती फेडता फेडता मजुरी बुडते आणि काम सोडताही येत नाही. मजूर अड्ड्यावर किंवा मार्केट यार्डात सुरुवात करण्यात कमीपणा नाही. बांधकामावर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र मिळाले की इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते, म्हणून हजेरीचे दिवस पहिल्यापासून वहीत मांडून ठेवायला सांगावे.

कारागृहात सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरीचे काम शिकलेली माणसे असतात. त्यांच्या हातातले कौशल्य खरे असते, पण बाहेर त्याची किंमत ठरवणारे कुणी नसते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, शिंपी, न्हावी, गवंडी धरून अठरा व्यवसाय आहेत. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. मुक्तबंद्यांना छोट्या व्यवसायासाठी अर्थसाहाय्याची महिला व बाल विकास विभागाची योजनाही आहे, तिच्यासाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटावे. व्यवसायाचे भांडवल मात्र सुटकेनंतर लगेच हातात येऊ नये असे मला वाटते. आधी काही महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम करून भाव, गिऱ्हाईक आणि उधारी समजून घ्यावी.

मालकाला सांगावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लेखी अर्जात विचारले असेल तर खोटे लिहू नये. माहिती दडवल्याचे नंतर उघडकीस आले तर त्याच कारणाने नोकरी जाऊ शकते, आणि ते कारण मूळ गुन्ह्यापेक्षा अधिक नुकसान करते. विचारलेलेच नसेल तर आपणहून सगळी कहाणी सांगण्याची सक्ती नाही. बोलण्याचा सराव मात्र करून घ्यावा. “मधली काही वर्षे मी कारागृहात होतो. तिथे सुतारकाम शिकलो. खटला संपला आहे. मला आठवडाभर कामावर घेऊन बघा,” एवढी चार वाक्ये, खाली न बघता, एका दमात म्हणता आली पाहिजेत. आपल्यासमोर ती पाच-सहा वेळा म्हणून घेतली की फॅक्टरीच्या गेटवर आवाज अडखळत नाही.

सातवी पायरी: पोलीस आणि तारखा

जामिनावर असलेल्याची प्रत्येक तारीख आपल्या वहीत असावी आणि आदल्या दिवशी आठवणीचा फोन व्हावा. मजुरी बुडते म्हणून चुकवलेल्या एका तारखेपायी अजामीनपात्र वॉरंट निघते. चुकलीच तर त्याच दिवशी वकिलामार्फत अर्ज द्यावा. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर तिथल्या नोंदवहीत सही झाली की नाही हे पाहिल्याशिवाय परत येऊ नये.

वस्तीत चोरी झाली की सुटून आलेल्याला बोलावणे येते. पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या तरुणांना तर गुन्हा नसतानाही संशयाखाली उचलले जाण्याचा अनुभव नवा नाही. अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्यामागची नजर अजून पुरती गेलेली नाही. बोलावणे आल्यावर पळून जाणे सर्वांत वाईट. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची लेखी नोटीस मागावी, वकिलाला फोन करावा, सोबत कुणाला तरी घेऊन जावे आणि गेल्या-आल्याची वेळ लिहून ठेवावी. ज्या ठाण्याच्या हद्दीत आपण काम करतो तिथल्या अधिकाऱ्यांना आधीच जाऊन भेटून, आपले ओळखपत्र दाखवून, कामाची माहिती दिलेली बरी. असा परिचय असला की निम्मे गैरसमज फोनवर मिटतात.

आरोग्य, व्यसन आणि आपल्या मर्यादा

क्षयरोगाची किंवा एचआयव्हीची औषधे आत चालू असतील तर सुटताना उपचाराचा कागद आणि शिल्लक गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पुढचे उपचार ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होतात, पण एक आठवड्याचा खंडही घातक ठरतो. नशेची सवय असलेल्याच्या बाबतीत एक धोका घरच्यांना स्पष्ट सांगावा. बराच काळ नशा बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि सुटल्यावर पूर्वीच्याच मात्रेने घेतले तर जीव जाऊ शकतो. येरवड्यातच १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. मन खचलेल्याला टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

कार्यकर्त्याने रोख उसने देऊ नये, आपल्या घरचा पत्ता सुरुवातीला देऊ नये, आणि एकट्याच्या भरवशावर कुणालाही ठेवू नये. प्रत्येकामागे दोन कार्यकर्ते असावेत, म्हणजे एक आजारी पडला तरी ठरलेली भेट चुकत नाही. त्याचे छायाचित्र, नाव, गुन्ह्याची माहिती संस्थेच्या पत्रकात किंवा समाजमाध्यमांवर देऊ नये, त्याने होकार दिला असला तरीही, कारण मदत घेणारा माणूस मदत करणाऱ्याला सहसा नाही म्हणू शकत नाही.

पुन्हा अटक झाली तर

असे घडते. कधी जुन्या प्रकरणात, कधी संशयावरून, कधी त्याच्या हातून खरोखर गुन्हा घडल्यामुळे. त्या दिवशी त्याच्यावर संतापून संबंध तोडणारा कार्यकर्ता आधीचे सगळे कामही पुसून टाकतो. अटकेनंतर चोवीस तासांत त्याला न्यायालयासमोर हजर करावे लागते, तेवढ्या वेळात प्राधिकरणाच्या वकिलांपर्यंत नाव पोहोचवावे, घरच्यांना कोणत्या ठाण्यात आहे ते कळवावे, चालू औषधांची यादी वकिलाकडे द्यावी आणि आपल्याकडील कागदांच्या प्रतीही त्यांच्याच हाती सोपवाव्यात. कामाचे ठिकाण असेल तर मालकाला खरे काय ते सांगून, परत आल्यावर कामावर घेणार का, हे त्याच आठवड्यात विचारून ठेवावे. मग मुलाखतीची, म्हणजे बंद्याला भेटण्याची, परवानगी काढून भेटायला जावे आणि दुसऱ्या पायरीतले चार प्रश्न पुन्हा विचारायला घ्यावेत.